मटण, चहा आणि बाबांची शंका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मटणाच्या जेवणावर काळा चहा घेतला तर सगळं प्रोटीन वाया जातं का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर ‘नाही हो’ म्हणून मी मोकळी झाले, पण तेवढ्यावर तुमचं समाधान होत नाही हे ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बिनदुधाच्या कडक चहाचा घोट घेतला की जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते ना? लाळ आटलेली नसते. लाळेत प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असलेली प्रथिनं असतात. चहातली टॅनिन्स, म्हणजे पॉलिफेनॉल्स या वनस्पतींतल्या द्रव्यांपैकी मोठ्या आकाराची, त्यांना चिकटतात, त्यांच्या बारीक गुठळ्या होतात आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. तुरटपणा म्हणतो तो हाच. मांसातल्या कोलॅजेन या प्रथिनातही प्रोलीन भरपूर असतं. कच्चं चामडं टॅनिनने कमावतात तेही याच जोरावर.

मग पोटात मटणाचं चामडंच होणार की, असं आई म्हणेल. नाही होत गं. चामडं कमवायला खूप टॅनिन आणि कितीतरी दिवस लागतात; पोटात आम्ल आणि पेप्सिन हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम लगेच कामाला लागतात, पुढे आतड्यात ट्रिप्सिन हे तसंच एन्झाइम असतंच. टॅनिन या एन्झाइमांनाही चिकटतं, कारण तीही प्रथिनंच, त्यामुळे पचन थोडं मंदावू शकतं. भरपूर टॅनिनचं खाद्य खाणाऱ्या जनावरांत प्रथिनांचं पचन घटलेलं दिसतं. पण कपभर चहाने जेवणातलं प्रोटीन वाया जात नाही.

उलट पॉलिफेनॉल्समुळे पोटात एक चांगली गोष्टही घडते आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. मांसातलं हीम-लोह (हीम या लाल रंगद्रव्यातलं लोह) पोटातल्या आम्लात चरबीचं ऑक्सिडेशन वाढवतं. त्यातून मॅलॉनडायअल्डिहाइडसारखी उपद्रवी द्रव्यं तयार होतात आणि रक्तात उतरतात. २००८ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी लोकांना टर्कीच्या मांसाचे कटलेट खायला दिले, तेव्हा रक्तात हे द्रव्य वाढलं. त्याच जेवणात रेड वाईनमधली पॉलिफेनॉल्स असली की ही वाढ बऱ्याच अंशी रोखली गेली. (बाबा, हे वाईनचं निमंत्रण नव्हे! फळं, भाज्या, मसाल्यांतही पॉलिफेनॉल्स असतातच.) मात्र ती त्याच जेवणात हवीत, कारण हा खेळ पोटातच चालतो.

आई, तुझं हिमोग्लोबिन कमी आहे, म्हणून चहाचं तुला वेगळं सांगते. चहा डाळी-भाज्यांतल्या लोहाला धरून ठेवतो आणि ते शरीराला कमी मिळतं. मांसातलं हीम-लोह यातून बरंचसं सुटतं, कारण ते पॉर्फिरिन नावाच्या रेणूच्या कड्यात बंदिस्त असतं. तरी जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेव. २०१७ च्या एका प्रयोगात एवढ्या अंतरानेही चहाचा अडथळा कमी झालेला दिसला. चहा सोडायची गरज नाही.

आणि बाबा, त्या ग्रीन टीच्या कॅप्सूल मात्र तूर्त बंद ठेवा. कपातल्या चहाची गोष्ट निराळी, अर्काची निराळी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय की पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीमधलं मुख्य पॉलिफेनॉल) घेतल्यास रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची ती खूण. डबीवर किती लिहिलंय त्याचा फोटो पाठवा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या.

तुमची,
ताई