विषय: काट्यावरच्या नोंदी गमावल्याबद्दल व चालू डेटाबेसची प्रोसेस मारायला लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

वणी तालुक्यातील आमच्या जिनिंगमध्ये आपले काटा व खरेदीचे सॉफ्टवेअर चालते. ऐन हंगामात, गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना ते भर दुपारी अडकले. त्यानंतर आपल्या मदत केंद्राने जे करायला लावले, त्यामुळे काही शेतकऱ्यांची वजने कायमची गेली.

आमच्याकडे आधी भरलेल्या गाडीचे वजन होते, मग कापूस गंजीवर खाली होतो, मग रिकाम्या गाडीचे वजन. फरक निघेल तो शेतकऱ्याचा माल. त्या दुपारी भरलेले वजन सेव्ह करताना चक्र नुसते फिरत राहिले. मी फोन केला. "एंट्री आत गेली आहे, स्क्रीन हळू आहे, गाड्या पुढे घ्या," असे उत्तर मिळाले. त्या भरवशावर आम्ही गाड्या खाली करायला सोडल्या. एंट्री आत गेलेलीच नव्हती.

नंतर त्याच प्रतिनिधीने टास्क मॅनेजरमधून पोस्टग्रेसची (ज्या डेटाबेसवर आपले सॉफ्टवेअर चालते त्याची) अडकलेली प्रोसेस 'एंड टास्क' करायला सांगितली. एक प्रोसेस अशी मारली की पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शने तोडते आणि रिकव्हरी करून पुन्हा उभे राहते. कमिट झालेले, म्हणजे पक्के नोंदलेले, वाचते, बाकीचे जाते. काट्यावरच्या अडकलेल्या सगळ्या नोंदी अशा गेल्या. गंजीवर ओतलेला कापूस कुणाचा किती, हे आता कोण सांगणार?

प्रोसेस मारण्याआधी मी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीचा (डेटाबेसवर कोण काय करतोय ते दाखवणाऱ्या यादीचा) मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, तो सोबत जोडला आहे. त्यात सगळे दिसते. ऑफिसच्या संगणकावरून निघालेला खरेदी रिपोर्ट 'ॲक्टिव्ह' आहे, पण थांबलाय 'क्लायंट राइट'वर. म्हणजे सर्व्हर ओळी पाठवायला तयार, पण पलीकडचा प्रोग्राम त्या घेत नाही. कारणही सापडले: त्या संगणकावर रिपोर्टच्या खिडकीमागे 'प्रिंटर सापडत नाही' ही चौकट ओकेची वाट पाहत उघडी होती. त्याखाली आपल्याकडून दूरवरून टाकलेल्या अपडेटचा 'आल्टर टेबल', म्हणजे टेबलाची रचना बदलणारा आदेश, लॉकसाठी (टेबलाच्या ताब्यासाठी) थांबलेला. आणि त्याच्यामागे काट्याचे सगळे इन्सर्ट, म्हणजे नव्या नोंदी.

रिपोर्टचा लॉक हलका असतो, त्याने इन्सर्ट अडत नाहीत. अडले ते आल्टरमुळे. त्याला टेबल एकट्यासाठी हवे असते, आणि तो रांगेत उभा राहिला की मागून येणारा प्रत्येक जण त्याच्यामागे थांबतो. प्रतिनिधीने नुसता तो आल्टर रद्द केला असता, तरी रिपोर्ट लटकलेला असताना काटा तत्क्षणी सुरू झाला असता. ते न करता त्यांनी रिपोर्टवरच पीजी_कॅन्सल_बॅकएंड, म्हणजे चालू काम रद्द करण्याचा आदेश, पुन्हा पुन्हा चालवले. उत्तर 'ट्रू' येत होते आणि रिपोर्टची क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) जागची हलत नव्हती. 'ट्रू' म्हणजे सिग्नल गेला एवढेच. ओळी पाठवताना अडकलेली क्वेरी कॅन्सल ऐकत नाही, पण पीजी_टर्मिनेट_बॅकएंड, म्हणजे कनेक्शनच तोडण्याचा आदेश, ऐकते. त्याने तेवढे एकच कनेक्शन तुटले असते. ते एकदाही करून पाहिले नाही, थेट प्रोसेस मारायला लावली.

आता आपण 'स्टेटमेंट टाइमआउट (ठरलेल्या वेळेपेक्षा लांबलेली क्वेरी आपोआप रद्द करणारी मर्यादा) लावून देतो' असे कळवले आहे. कृपया तेवढ्यावर हात झटकू नका. तो टाइमआउटही कॅन्सलच्याच वाटेने जातो, इथे त्याचा उपयोग नव्हता. अपडेटमध्ये काही सेकंदांचा लॉक टाइमआउट हवा, म्हणजे टेबल मिळाले नाही तर आल्टर स्वतःच मागे हटेल. अपडेट खरेदीच्या वेळात तर टाकूच नये. रिपोर्टने आधी सगळ्या ओळी उतरवून घ्याव्यात, छपाईचे मग पाहावे. आणि मदत केंद्रातल्या प्रत्येकाला पीजी_ब्लॉकिंग_पिड्स चालवून कोण कुणाला अडवतोय ते बघता आले पाहिजे. ही सोय पोस्टग्रेसमध्ये 2016 पासून, 9.6 आवृत्तीपासून आहे.

ज्यांची नोंद गेली त्यांना आम्ही त्यांनी सांगितलेले वजन धरून पैसे दिले. वर्षभर राबून आणलेल्या मालावर त्यांच्याशी घासाघीस करणे आम्हाला पटले नाही. त्यातला आमचा तोटा आपण भरून द्यावा, आणि एंट्री न पाहताच 'आत गेली' असे कशावरून सांगितले, याचे लेखी उत्तर द्यावे. ते मिळेपर्यंत आमच्या सर्व्हरवर कोणतेही अपडेट टाकू नये. दूरस्थ प्रवेश आम्ही बंद केला आहे.

आपला,
हिशेब व संगणक विभाग प्रमुख
जिनिंग-प्रेसिंग कारखाना, ता. वणी, जि. यवतमाळ

सोबत: स्क्रीनचा फोटो, गेलेल्या नोंदींच्या गेटपासच्या प्रती