सुशी : राजवाड्यातली आणि हातगाडीवरची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला सुशीवरचा लेख वाचला. छायाचित्रे झकास आहेत. पण ‘सुशी म्हणजे कच्चा मासा’ आणि ‘मुळात राजेरजवाड्यांचा पदार्थ’ ही दोन विधाने खटकली. पहिले साफ चूक आहे, दुसरे अर्धवट.

‘सुशी’ या शब्दाचा मूळ अर्थ आंबट. हा आंबटपणा भाताचा. कच्च्या माशाच्या नुसत्या कापांना जपानी माणूस साशिमी म्हणतो. पूर्वी खारवलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून, वर दगड ठेवून महिनोन्महिने मुरवत. भात आंबे, त्यामुळे मासा टिके, आणि भात टाकून देत. बिवा तलावाकाठची फुनाझुशी आजही याच जातीची. मुलीकडे टोकियोला असताना तिची एक चकती मी चाखली. चव जुन्या चीजसारखी, वास असा की जावयाने न बोलता खिडकी उघडली! ही सुशी दरबारात कर म्हणून जात असे. ९२७ साली पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या नियमसंग्रहात तशा नोंदी आहेत. म्हणजे लेखकाचे राजेरजवाडे खरे, पण त्यांची सुशी ही. छायाचित्रात आहे ती नव्हे.

छायाचित्रातली निगिरी, म्हणजे हाताने दाबलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप, जन्मली रस्त्यावर. सतराव्या शतकात भातात सरळ व्हिनेगर घालायची युक्ती रूढ झाली आणि महिने थांबायची गरज उरली नाही. पुढे एदो, म्हणजे आजचे टोकियो, सुमारे दहा लाख वस्तीचे झाले. कारागीर, मजूर, एकटे राहणारे पुरुष, सगळ्यांनाच घाई. १६५७च्या भीषण आगीनंतर एदोतल्या रयोगोकू पुलाच्या तोंडाशी आग पसरू नये म्हणून जागा मोकळी ठेवली होती. मोकळी जागा दिसली की गाड्या लागणारच! तेंपुरा (पिठात बुडवून तळलेले मासे-भाज्या), सोबा (शेवया), भाजलेली ईल (सापासारखा लांब मासा) आणि सुशी. याच भागात हानाया योहेई (१७९९–१८५८) आधी पेटी घेऊन रात्री फिरत सुशी विकायचा, मग त्याने गाडी टाकली, मग दुकान. निगिरीचे श्रेय बहुधा त्यालाच देतात. त्याच्या दुकानाच्या जागेची माहिती देणारी पाटी मी रयोगोकूत पाहिली. लोक तिच्याकडे न बघता पुढे जातात.

त्या गाडीवरचा घास आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा. भात किंचित तांबूस, कारण हांडा गावच्या नाकानो मातासाएमोनने १८०४ पासून साकेच्या, म्हणजे तांदळाच्या मद्याच्या, चोथ्यापासून काढलेले स्वस्त, लालसर व्हिनेगर एदोत पोचले होते. आणि मासा? बर्फ नाही, शीतपेटी नाही. तो कच्चा कसा ठेवणार? कोहादा हा छोटा मासा मीठ लावून व्हिनेगरात मुरवत, कोळंबी उकडत, आनागो ही समुद्रातली ईल रसात शिजवत, तर ट्यूना सोयासॉसमध्ये बुडवून ठेवत. ट्यूना तेव्हा हलक्या प्रतीचा मासा समजत आणि त्याचा चरबीचा भाग तर फेकून देत. तोच भाग, तोरो, आज सर्वांत महाग!

अर्थात गाडीवरचा पदार्थही लवकरच माजला. १८४१–४३च्या सुधारणांत सरकारने चैनीवर बंधने घातली, तेव्हा महाग सुशी विकल्याबद्दल दोनशेहून अधिक विक्रेते पकडले गेले असे सांगतात. त्यांत योहेईही होता, हातांत बेड्यांसकट. मात्र गाड्या काही बंद पडल्या नाहीत. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोचे सुशी-कारागीर गावोगाव पांगले आणि निगिरी देशभर पोचली. रस्त्यावरच्या गाड्या हटल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर, स्वच्छतेच्या नियमांमुळे.

पुढच्या रविवारी दोन ओळींचा खुलासा छापावा, ही विनंती. आणि पान तीनवरच्या ‘कच्च्या माशाची सुशी’ या चित्रओळीकडे पुन्हा एकदा पाहावे. त्या ताटात डावीकडून दुसरी आहे ती उकडलेली कोळंबी.

आपला नियमित वाचक,
पुणे