आधी गटप्रमुख घडवा

महोदय,

कर्मचाऱ्यांना आनंदी ठेवण्यासाठी कंपन्या काय करतात, याची वर्णने अधूनमधून वाचायला मिळतात. खेळाची खोली, वाढदिवसाचा केक, तणावमुक्तीवर एखादे व्याख्यान. यात गैर काही नाही. पण कामावर निघताना माणसाच्या पोटात गोळा येतो की त्याला हुरूप वाटतो, हे अशा गोष्टींवर ठरत नाही. ते ठरते त्याला रोज काम सांगणाऱ्या, त्याची रजा मंजूर करणाऱ्या आणि चूक झाली की सर्वांत आधी बोलणाऱ्या माणसावर, म्हणजे त्याच्या थेट वरिष्ठावर, गटप्रमुखावर. वेगवेगळ्या गटांतली माणसे कामात किती मनापासून गुंतलेली असतात, यात जो फरक दिसतो त्यातला किमान ७० टक्के फरक गटप्रमुखाशी निगडित असतो, असा निष्कर्ष गॅलप या संस्थेने २०१५ मध्ये मांडला. तरीही पैसा आणि लक्ष सोयीसुविधांकडे जाते, आणि नव्या गटप्रमुखाच्या हाती बढतीचे पत्र देऊन त्याला एकटे सोडले जाते.

आनंदी माणूस खरोखर अधिक काम करतो का, ही मालकांची शंका रास्त आहे. वॉरिक विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आधी मन प्रसन्न केलेल्या लोकांनी दोन अंकी संख्यांच्या बेरजा करण्याच्या कामात सुमारे १२ टक्के सरस कामगिरी केली. ब्रिटिश टेलिकॉमच्या कॉल सेंटरमधील विक्रेत्यांच्या अभ्यासात, ज्या आठवड्यात माणूस अधिक आनंदी त्या आठवड्यात त्याची विक्री अधिक, असे आढळले. त्यासाठी कामाचे तास वाढले नव्हते. वाढ मुख्यतः झाली ती बोलणे झालेल्या ग्राहकांपैकी अधिक जणांनी खरेदी केल्यामुळे. धास्तावलेला माणूसही ठरलेले फोन करतो, पण समोरच्याचे ऐकायला त्याच्याजवळ मन उरत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

बिघाडाची सुरुवात नेमणुकीत होते. सर्वांत चांगल्या विक्रेत्याला विक्रीप्रमुख करायचे, सर्वांत कुशल कारागिराला सुपरवायझर करायचे, ही सार्वत्रिक पद्धत आहे. १३१ कंपन्यांतील विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची स्वतःची विक्री अधिक, त्यांना बढती मिळण्याची शक्यता अधिक होती. पण बढतीनंतर त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी तुलनेने खालावलेली दिसली. स्वतः काम करणे आणि दुसऱ्याकडून ते चांगले होईल अशी व्यवस्था करणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. म्हणून दोन वाटा हव्यात: एक तज्ज्ञाची, एक गटप्रमुखाची, आणि दोन्हींत पगार व मान बरोबरीने वाढायला हवा. ज्याला गटप्रमुख करायचे त्याच्याकडे आधी तीन महिने एक नवा माणूस शिकायला द्यावा. तीन महिन्यांनी तो नवा माणूस न विचारता किती कामे करू शकतो आणि अडल्यावर न घाबरता विचारतो का, हे पाहिले तर मुलाखतीपेक्षा कितीतरी अधिक कळते. चांगला वरिष्ठ शिकवतो, आणि त्याचा मोठा परिणाम तिथूनच येतो. २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात, सर्वांत कमकुवत दहा टक्क्यांतला वरिष्ठ बदलून सर्वोत्तम दहा टक्क्यांतला दिला, तर नऊ जणांच्या गटात दहावा माणूस भरण्यापेक्षाही अधिक काम निघते, असे दिसले.

नेमल्यानंतर त्याला वेळ द्यावा लागतो, आणि इथे हिशेब कोणी मांडत नाही. आठ जणांच्या गटात प्रत्येकाशी पंधरवड्यातून अर्धा तास बोलायचे तर आठवड्याला दोन तास लागतात. तेच वीस जण असतील तर पाच तास, आणि त्यापुढे प्रत्येकाची अडचण सोडवण्याचा वेळ वेगळा. गटप्रमुखावर त्याच्या जुन्या कामाचा पूर्ण बोजा तसाच ठेवला, तर तो माणसांचे काम संध्याकाळी उरलेल्या वेळात करतो. तो वेळ उरत नाही. आठ-दहा जणांचा गट असेल तर त्याचे स्वतःचे उत्पादक काम निम्म्यावर आणावे. हे मान्य नसेल, तर निदान त्याच्याकडून नेतृत्वाची अपेक्षा तरी ठेवू नये.

त्या अर्ध्या तासाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाया घालवली जाणारी गोष्ट आहे. वार आणि वेळ पक्की असावी. पहिली दहा मिनिटे समोरच्याची: त्याला जे बोलायचे ते. पुढची दहा काम कुठे अडले आहे यासाठी, शेवटची दहा तो पुढे काय शिकणार आहे यासाठी. ‘सगळं ठीक ना?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच येते. ‘या पंधरवड्यात कोणत्या कामाला वाजवीपेक्षा जास्त वेळ लागला?’ किंवा ‘माझ्याकडून काय हवं होतं, जे वेळेत मिळालं नाही?’ असे विचारले की बोलणे सुरू होते. प्रश्न विचारल्यावर गप्प राहायला शिकावे. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात खरी गोष्ट बाहेर येते. शेवटी दोन ओळी लिहून ठेवाव्यात: मी काय करणार, तुम्ही काय करणार, कधीपर्यंत. पुढच्या भेटीची सुरुवात त्याच दोन ओळींपासून करावी.

ही भेट तीन प्रकारे मरते. पहिला प्रकार, ती वारंवार रद्द होणे. दोनदा सलग रद्द झाली की ‘तुम्ही महत्त्वाचे नाही’ हा निरोप पोचतो. दुसरा, ती प्रगतीचा अहवाल मागण्याची बैठक होणे. तिसरा आणि सर्वांत घातक, दिलेला शब्द न पाळणे. दुरुस्तीची मागणी वर मान्य झाली नसेल तर तेही सांगावे, कारणासह. नकार लोक पचवतात. पण काहीच न कळणे त्यांना सोसत नाही, आणि मग ते बोलायचे थांबतात.

कामाच्या जागी माणसाला सर्वाधिक समाधान कशाने मिळते, याचा शोध घेताना संशोधक तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतील २३८ जणांच्या सुमारे १२,००० दैनंदिन नोंदी तपासल्या. अर्थपूर्ण कामात थोडी का होईना प्रगती झाली, तो दिवस चांगला गेलेला असे. गटप्रमुखाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: वाटेतले अडथळे दूर करणे हेच त्याचे मुख्य काम. अडथळे बहुधा ठरावीकच असतात. कोणाच्या तरी सहीची वाट पाहणे, बिघडलेले किंवा अपुरे साधन, आणि एकाच वेळी पाच कामे ‘तातडीची’ असणे. सह्यांसाठी निर्णयांची तीन गटांत लेखी विभागणी करावी: जे कर्मचारी स्वतः घेईल, जे घेऊन कळवेल, आणि ज्यांना आधी परवानगी लागेल. तिसरा गट शक्य तितका लहान ठेवावा. नवे तातडीचे काम देताना त्याच वाक्यात सांगावे, की हातातले कोणते काम मागे ठेवायचे. हे न सांगितल्यास तो निर्णय कर्मचारी अंदाजाने घेतो, आणि अंदाज चुकला की बोलणी खातो.

आता भीतीविषयी. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील, ही अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका अधिक होत्या, कारण तिथले लोक त्या लपवत नव्हते. १९९९ मध्ये त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी अपमान वा शिक्षा होणार नाही हा विश्वास, ही कल्पना कामाच्या गटांसंदर्भात मांडली, आणि पुढे गूगलने आपल्या गटांची पाहणी केली तेव्हा प्रभावी गटांत हाच गुण सर्वांत वरचा ठरला. म्हणून ‘आमच्याकडे तक्रारच नाही’ असे सांगणाऱ्या विभागाकडे अधिक काळजीने पाहावे.

वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाला ऐकू येणारे पहिले वाक्य पुढच्या कित्येक महिन्यांचे वागणे ठरवते. क्रम असा असावा. आधी ‘लगेच सांगितलंत, बरं झालं.’ मग ‘आत्ता काय स्थिती आहे, आणि नुकसान थांबवायला काय लागेल?’ कारणांचा शोध नंतर, सगळे शांत झाल्यावर, आणि तोही ‘कोणी केलं?’ असा नाही तर ‘हे घडू कसं शकलं?’ असा. सूचना अस्पष्ट होती का, दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी ठेवल्या होत्या का, पाळी बदलताना निरोप राहिला का, हे पाहिले की पुढची चूक टळते. नाव शोधले तर फक्त नाव सापडते. याला कोणी ढिलाई म्हणू नये. जाणूनबुजून नियम मोडणे आणि चूक दडवणे यांवर कारवाई व्हायलाच हवी. ही रेषा आधीच स्पष्ट सांगितलेली असावी.

टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसला की कोणताही कामगार दोरी ओढून किंवा बटण दाबून मदत मागू शकतो, आणि दोष वेळेत सुटला नाही तर काम थांबते. या पद्धतीची मोठी परीक्षा कॅलिफोर्नियात फ्रेमाँट येथे झाली. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केलेला तिथला कारखाना १९८४ मध्ये टोयोटाच्या व्यवस्थापनपद्धतीने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी तेच, युनियन तीच. पूर्वी २० टक्क्यांच्या आसपास असलेली गैरहजेरी काही टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा झपाट्याने सुधारला. ‘माणसेच तशी आहेत’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

कामाबद्दल अभिप्राय देणे चांगलेच, असे सरसकट मानले जाते. १९९६ मध्ये क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी आधीच्या अभ्यासांतील शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले तेव्हा सरासरी परिणाम चांगला दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी घसरली होती. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या लायकीकडे वळले की असे होते, हे त्यांचे स्पष्टीकरण. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ हा अभिप्राय नव्हे. ‘कालच्या अहवालात तिसऱ्या तक्त्याची बेरीज जुळत नव्हती, त्यामुळे ग्राहकाला दुसऱ्यांदा पाठवावा लागला, पाठवण्याआधी बेरीज मूळ आकड्यांशी ताडून घ्या’ हा अभिप्राय. एका वेळी एकच मुद्दा, दोन दिवसांच्या आत, आणि बाजूला बोलावून. कौतुकही तितकेच नेमके हवे. ‘छान काम’ ऐकून माणूस खूश होतो, पण काय पुन्हा करायचे ते त्याला कळत नाही.

न्यायाचा मुद्दा छोटा वाटतो, पण मने सर्वाधिक तिथेच दुखावतात. रात्रपाळी कोणाला, सणाची सुट्टी कोणाला, चांगले काम कोणाच्या वाट्याला, याचे निकष आधी जाहीर करावेत. आणि जो भरवशाचा आहे त्याच्याच गळ्यात प्रत्येक अवघड काम घालणे बंद करावे. ती कार्यक्षमतेला दिलेली शिक्षा ठरते आणि नोकरी सोडणाऱ्यांत असेच लोक पुढे असतात.

जास्त तास बसवून घेण्याने काम वाढते, हा समजही सोडायला हवा. अर्थतज्ज्ञ जॉन पेनकॅव्हेल यांनी पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांची आकडेवारी तपासली. आठवड्याला ७० तासांचे उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसे वेगळे नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील अहवालानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के अधिक असतो. रात्री अकराला संदेश पाठवून ‘उत्तर उद्या दिलं तरी चालेल’ असे लिहिणाऱ्या वरिष्ठाने तो संदेश सकाळीच पाठवावा.

चांगल्या नेतृत्वालाही मर्यादा आहेत. पगार अपुरा असेल, दहा जणांचे काम सहा जणांवर असेल, तर कोणताही गटप्रमुख त्याची भरपाई गोड बोलून करू शकत नाही आणि तशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे. तसेच दरवर्षी सर्वेक्षण घ्यायचे आणि उत्तरे कपाटात ठेवायची, याने विश्वास वाढत नाही, घटतो. सर्वेक्षण घ्यायचेच तर पाचपेक्षा कमी जणांच्या गटाची उत्तरे वेगळी दाखवू नयेत, म्हणजे कोण बोलले ते ओळखता येणार नाही. निष्कर्ष महिन्याभरात सर्वांसमोर मांडावेत, आणि त्यातली एक-दोन कामे तारखेसह हाती घ्यावीत.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. एखादी संस्था कर्मचाऱ्यांसाठी किती चांगली आहे याविषयी लिहाल, तेव्हा तिथल्या सोयींबरोबर चार गोष्टी जरूर विचाराव्यात. एका गटप्रमुखाकडे किती माणसे आहेत? त्याला ते पद देण्यापूर्वी काय शिकवले? मागच्या सर्वेक्षणातल्या तक्रारींपैकी कोणत्या सुटल्या? आणि गेल्या वर्षी सोडून गेलेले लोक सगळ्या विभागांतून सारखेच गेले, की दोन-तीन विभागांतूनच?

आपले,
मनुष्यबळ प्रशिक्षण क्षेत्रातील काही वाचक