मैफली नीट ध्वनिमुद्रित व्हाव्यात

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत रॉक संगीताविषयी क्वचितच काही येते, म्हणून हे पत्र. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे ड्रमवादक निक मेसन यांनी २०१८ मध्ये ‘सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ हा बँड उभारला. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमच्या (१९७३) आधीचीच गाणी ते वाजवतात. मे २०१९ मध्ये लंडनच्या राउंडहाउसमध्ये झालेल्या कार्यक्रमांचा अल्बम २०२० मध्ये आला. याच वास्तूत १९६६ साली सुरुवातीचे गायक-गिटारवादक सिड बॅरेट यांच्यासह पिंक फ्लॉइड वाजले होते.

मी पंचवटीत तबला शिकवतो. या अल्बममध्ये मला भावते ते मेसन यांचे थांबणे. मऊ गोळ्यांच्या काठ्यांनी ते लय धरून ठेवतात, गिटारला हवे तिकडे भटकू देतात आणि पंच्याहत्तरीतही कुठे घाई नाही. संगत म्हणतात ती हीच! मेसन यांच्या बँडचे गायक-गिटारवादक गॅरी केम्प बॅरेटची नक्कल न करता गातात, हेही मोठेच.

कालिदास कलामंदिरातल्या आपल्या बुजुर्गांच्या मैफलीही आयोजकांनी अशाच, श्रोत्यांच्या दादेसकट ध्वनिमुद्रित कराव्यात. मोबाइलवरच्या चित्रफितींत डग्गा ऐकूच येत नाही.

— एक तबलाशिक्षक, पंचवटी, नाशिक