हाड सापडले, राणी नव्हे

महोदय,

जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत जॉर्जियाची राणी केटेवान ‘सापडली’ असे सर्रास छापले जाते. सापडली हाडे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणुजीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने त्यांच्या तीन नमुन्यांचा डीएनए तपासला. जॉर्जियात आढळणारा यू1बी हा मातृवंशाचा गट एकातच निघाला, उरलेले दोन भारतीय वंशगटांचे. शिवाय हा गट ज्यावरून ठरतो तो, आईकडून मुलांत येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मातृवंश सांगतो, नाव नाही.

चर्चच्या जमिनीत अशी सरमिसळ व्हायचीच. नवी कबर जुनीला कापते. म्हणून उत्खननात मातीच्या बदलत्या रंगावरून आधी खड्ड्याची कड शोधावी, सर्वांत शेवटचे दफन आधी उचलावे, भरावातली सुटी हाडे वेगळ्या पिशवीत. आणि हातमोजे पहिल्यापासून! उघडा हात लागला की नमुन्यात खोदणाऱ्याचाच डीएनए मिसळतो.

– एक वाचक, पणजी