त्या तारेवर झेंडूची माळ होती

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे छापायचं नाही असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून नुसतं काका लिहिते. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण चूक मी सगळ्यांसमोर केली होती.

लालबागमधल्या त्या वाचनालयाच्या हॉलमध्ये माझे बावीस फोटो लावले होते. सगळे कृष्णधवल, सगळे एका बंद गिरणीतले, आणि प्रत्येकाखाली मी रचलेली चार-पाच ओळींची गोष्ट. तुम्ही पेपर वाचायला आला होतात. चष्मा कपाळावर सरकवून एकेक फोटो बघत पुढे गेलात आणि तारेच्या फोटोपाशी थांबलात. छताच्या लोखंडी तुळईवरून लोंबणारी तार, टोकाला आकड्यासारखी वळलेली, मागची भिंत पूर्ण काळी. खाली मी लिहिलं होतं की संप फसल्यावर एका कामगाराने इथेच जीव दिला. असं काही घडल्याचं मला कुणीही सांगितलं नव्हतं. फोटो तसा दिसत होता, एवढंच.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" तुम्ही विचारलंत.

"कुणी नाही. कल्पना आहे माझी."

तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "दसऱ्याला झेंडूची माळ बांधायची तार आहे ती. तिच्या शेजारी दुसरी असणार. तिच्या शेजारी तिसरी. बघा जाऊन."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. सहा तारा होत्या, एका ओळीत, सारख्या अंतरावर. फोटो काढताना मी चौकटीत एकच घेतली होती. एकटी तार जास्त उदास दिसत होती.

दसऱ्याला आत काय असायचं ते तुम्ही नंतर सांगितलंत. साचे, म्हणजे सूत कातायची यंत्रं, बंद करून पुसायचे, तेलपाणी करायचं, हळदकुंकू लावायचं, फुलं चढवायची. घरची बायकापोरं नवे कपडे घालून गिरणी बघायला यायची. बाप रोज जातो ती जागा पोरांना वर्षातून तेवढीच दिसायची. तुमच्या मुलीने साच्याच्या चात्या, म्हणजे सूत गुंडाळत फिरणाऱ्या सळया, मोजायला घेतल्या होत्या आणि चाळीसच्या पुढे तिला आकडेच येत नव्हते, म्हणून ती पुन्हा एकपासून सुरू करत होती. काका, हे त्या तारेखाली घडलेलं होतं, आणि मी तिथे फास टांगून मोकळी झाले होते.

तुम्ही तेवढं सांगून निघून गेला असतात तर मी ती ओळ खोडली असती आणि विषय संपला असता. पण तुम्ही म्हणालात, "मला आत घेऊन चला, सांगतो काय ते." यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. गुडघे दुखत असताना, जी जागा सोडून इतकी वर्षं झाली तिथे परत पाऊल टाकायला तुम्ही स्वतःहून तयार झालात, तेही एका अनोळखी मुलीसाठी, जिने तुमच्या गिरणीबद्दल खोटं लिहिलं होतं. परवानगीच्या कागदावर तुमचं नाव चढवायला तीन आठवडे गेले. एकतीस वर्षं ज्या गेटातून तुम्ही कामावर गेलात, तिथे तुमच्यासाठी मी अर्ज करत होते. मला त्याची लाज वाटत होती. तुम्ही गेटवरच्या तरुण वॉचमनला आधी नमस्कार केलात आणि मग आत पाहिलंत.

मी पुस्तकं वाचून आले होते. १८५४ साली ताडदेवच्या पहिल्या गिरणीसाठी कावसजी दावर यांनी काढलेली कंपनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून १८९० साली मिळालेली रविवारची सुट्टी, १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांना कवेत घेणारा संप. तारखा सगळ्या पाठ होत्या. पण रिकाम्या शेडमध्ये उभी राहिले की मला मोडकळीशिवाय काही दिसत नसे. आजोळचं कोकणातलं बंद घर असो नाहीतर ही गिरणी, पडक्या भिंतीत मला लहानपणापासून एकच गोष्ट दिसायची: कुणीतरी गेलं, कुणीतरी रडलं. काळ्या-पांढऱ्या फिल्मला ती गोष्ट फार शोभून दिसते, म्हणून मी तीच काढत राहिले.

साचे तर केव्हाच भंगारात गेले होते. तुम्ही फरशीकडे बघत चालू लागलात. बोल्टची भोकं पायाने चाचपत, तोंडाने मोजत. मग थांबून म्हणालात, "हा माझा. आणि हा." मला वाकून फरशीला हात लावायला सांगितलंत. भोकांच्या दोन रांगांमधला पट्टा गुळगुळीत होता, कडेची फरशी खरबरीत. तुटलेलं सूत सांधत पाळीभर येरझाऱ्या घालणाऱ्या पायांनी दगड घासला होता. त्याच फरशीचे माझ्याकडे अकरा फोटो आहेत, काका. सगळे भेगांचे.

छताकडे बोट दाखवून तुम्ही विचारलंत, "हे असं करवतीसारखं का असतं, माहितीय?" मला ते छप्पर फार आवडायचं, कारण त्याच्या काचांतून येणारा उजेड मऊ असतो, सावल्या टोचत नाहीत. मी त्याखाली काहीतरी देवळाबिवळाचं लिहिलं होतं. तुम्ही सांगितलंत की काचांची तोंडं उत्तरेला आहेत. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, ऊन थेट आत येत नाही, आणि केसासारखं बारीक सूत तुटलेलं लांबून दिसतं. ज्या उजेडावर माझे फोटो उभे आहेत तो तुमच्या डोळ्यांना काम करता यावं म्हणून बांधलेला होता. खिडक्यांचंही तसंच. त्या चिणलेल्या का, यावर मी केवढं लिहिलं होतं! कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून आतली हवा मुद्दाम दमट ठेवायची, पाण्याचे फवारे सोडायचे आणि वारा येऊ द्यायचा नाही. एप्रिल-मे महिन्यांत सदरा पिळला तर पाणी निघायचं, म्हणालात. हे सांगताना तुमचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

सोमवारचं मात्र तुम्ही थांबत थांबत सांगितलंत. रविवारच्या सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी व्हायची, धाप लागायची, आणि मंगळवार-बुधवारी जरा सैल पडायची. कापसाची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेलेल्यांना होणारा हा आजार आहे आणि सोमवारचा त्रास ही त्याची खूणच आहे, हे मी नंतर वाचलं. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "सोमवार नको वाटायचा."

माझ्या फोटोंपैकी एकच तुम्ही "बरोबर आहे" म्हणालात, आणि त्याचं कारण मला कधीच सुचलं नसतं. रंगाबद्दल तुमची तक्रार होती. "हा डाग कसला ते यात कळतच नाही. तेलाचा की पावसाचा?" खरंच कळत नव्हतं. या फिल्मवर गंज आणि शेवाळ जवळपास एकाच राखाडीत उतरतात. लाल फिल्टर लावला तर गंज उजळतो आणि शेवाळ गडद होतं, हे मला ठाऊक होतं, पण मला दोन्ही सारखेच जुने दिसायला हवे होते, म्हणून मी तो पिशवीतून काढलाच नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी सांडलेलं तेल आणि गेल्या पावसाळ्यातली ओल यांना मी एकच वय देऊन टाकलं होतं. पण पिंजण खात्याचा तो फोटो, ज्यात उजेड जास्त झाला म्हणून मी तो जवळजवळ बाद केला होता, त्याकडे बघून तुम्ही हसलात. "आत असंच दिसायचं. कापूस उडून सगळं पांढरं. पाळी सुटली की केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. पंचविशीतली पोरं म्हातारी होऊन बाहेर पडायची आणि नळाखाली डोकं धरलं की परत जवान." तो फोटो आता हॉलमध्ये पहिला लावलाय.

आता धोट्याबद्दल, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या त्या तुकड्याबद्दल. मागांच्या शेडमधल्या ढिगाऱ्यात मला तो सापडला होता, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण. मी तो तळहातावर धरून फोटो काढला होता आणि खाली एका विणकऱ्याच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट लिहिली होती. तुम्ही धोटा हातात घेतलात, उलटा केलात आणि त्याच्या कुशीतलं बारीक भोक दाखवलंत. आतली सुताची कांडी बदलली की सुताचं टोक या भोकातून बाहेर काढायचं, आणि ते काढायचं तोंडाने, श्वास आत ओढून. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागायचं. "म्हणून आमच्या माणसांना मागावर घेत नसत," तुम्ही म्हणालात. तुमचे वडील दापोलीकडून मुंबईला आले ते स्वातंत्र्याच्या आधी. महार म्हणून त्यांना विणकाम खात्याचं दार बंद होतं. त्यांच्या तोंडाला लागलेलं सूत बाकीच्यांना चालणार नव्हतं. मागावर मजुरी जास्त मिळायची. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न उचलून धरला होता, हे तुम्हाला वडिलांनी सांगितलेलं. ते आयुष्यभर सूतकताई खात्यात राहिले आणि तुम्हीही त्याच खात्यात लागलात.

तुम्ही धोटा माझ्या हातात परत दिलात. मला वाटलं होतं तुम्ही तो फेकाल, किंवा ठेवून घ्याल. तुम्ही म्हणालात, "चांगलं लाकूड आहे. जपून ठेव, पोरी." तुम्ही मला पहिल्यांदा अगंतुगं केलंत ते तेव्हा.

त्या रात्री मी बावीसच्या बावीस गोष्टी काढून टाकल्या. गोष्ट रचणं आता बंदच करावं, असंही मनात आलं. पण त्याचं उत्तरही तुम्हीच देऊन ठेवलं होतं. दाराशेजारच्या भिंतीवर खिळ्याने ओढलेल्या उभ्या रेघा होत्या ना, पाच-सहांचे पुंजके करून? ते काय आहे, हे तुम्हालाही माहीत नव्हतं. तुम्ही बोट फिरवत राहिलात आणि म्हणालात, "बदलीवाला असेल. रोज सकाळी गेटवर येऊन उभा राहायचा, कुणी गैरहजर असला तर आत. नाहीतर परत खोलीवर. महिन्यात किती दिवस काम मिळालं ते खरडत असेल. हे बघ, इथे तीनच रेघा. हा महिना वाईट गेला बिचाऱ्याचा." काका, ही कल्पनाच होती. पण तुम्ही त्या गेटवर स्वतः उभे राहिला होतात. आता त्या फोटोखाली तुमचीच वाक्यं आहेत, आणि ती अंदाजाने सांगितलेली आहेत असंही स्पष्ट लिहिलंय. तारेच्या फोटोच्या जागी सहाही तारा दिसतील असा नवा फोटो लावलाय. धोट्याखाली भोकाची हकीकत आहे. दोन फोटोंखाली काहीच नाही, कारण त्यांतल्या वस्तू तुम्ही ओळखल्या नाहीत आणि मलाही काही सांगता येत नाही.

तुमच्या चाळीतल्या मंडळींना घेऊन तुम्ही परत हॉलमध्ये आलात, त्या सगळ्यांचेही आभार. ज्या मावशींनी रिळं गुंडाळण्याच्या खात्यातल्या बायकांबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मग वेळ संपली म्हणून थांबल्या, त्यांच्याकडे मी येत्या रविवारी जाणार आहे. आधी ऐकेन, मग कॅमेरा काढेन. जमलं तर तुम्हीही या.

शेवटी, पत्रासोबतच्या पाकिटातल्या फोटोबद्दल. आपण निघायच्या आधी मी तुम्हाला तुमच्या साच्यांच्या जागी उभं राहायला सांगितलं होतं. उजेड उतरला होता. मीटर दहा सेकंद सांगत होता, पण इतक्या कमी उजेडात ही फिल्म मंदावते, म्हणून मी वीस सेकंद दिले. तेवढा वेळ हलू नका, असं म्हणालेही होते. तुम्ही उभे राहिलात, आणि मी बटण दाबल्यावर हळूहळू चालू लागलात, हात दोन्ही बाजूंना, बोटं हवेत काहीतरी सांधत. मी तुम्हाला थांबवलं नाही. वीस सेकंदांत चालता माणूस फिल्मवर उमटत नाही. त्यामुळे पाकिटातल्या फोटोत रिकामी फरशी दिसेल, बोल्टच्या भोकांच्या दोन रांगा आणि मधला गुळगुळीत पट्टा. पट्ट्याच्या टोकाला, जिथे तुम्ही परत फिरण्यासाठी क्षणभर थांबला होतात, तिथे एक फिकट पांढरट डाग आहे. चष्मा लावून बघा. तुमच्या सदऱ्याची बाही आहे ती.

तुमची,
फोटोवाली पोरगी