परवाना हवाच, पण तो एका परीक्षेवर अडू नये

महोदय,

सोशल वर्करला परवाना असलाच पाहिजे. ज्याच्या अहवालावरून एखादं मूल आईपासून दूर ठेवलं जाऊ शकतं, त्याला जाब विचारणारं कुणीतरी हवंच. माझा आक्षेप आहे तो परवाना दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायच्या एकाच लेखी परीक्षेवर अडवून धरण्याला.

अमेरिकेत ही परीक्षा घेणाऱ्या एएसडब्ल्यूबी (असोसिएशन ऑफ सोशल वर्क बोर्ड्स) या परवाना मंडळांच्या संघटनेने २०२२ मध्ये वंशनिहाय निकाल पहिल्यांदा जाहीर केले. क्लिनिकल, म्हणजे मानसिक उपचार-समुपदेशनाच्या कामाच्या परवान्यासाठीच्या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात गोऱ्या उमेदवारांपैकी सुमारे ८४ टक्के उत्तीर्ण झाले, कृष्णवर्णीयांपैकी ४५ टक्के. पुन्हा पुन्हा बसूनही आकडे ९१ आणि ५७ वरच थांबले. वयाने मोठे आणि मातृभाषा इंग्रजी नसलेले उमेदवारही मागे पडले. हे सगळे रीतसर पदवी घेतलेले लोक. नापास झालं की ९० दिवस थांबायचं आणि फी नव्याने भरायची.

समाजातली विषमता निकालात उतरते, परीक्षेचा दोष नाही, असं समर्थन केलं जातं. विषमता आहे हे मान्य. पण मग तिच्याशी झगडणाऱ्या व्यवसायाने तीच आपल्या दारात पहारेकरी म्हणून का बसवावी?

अशा प्रश्नपत्रिकेत तीन-चार पर्याय असतात, बहुतेक वेळा सगळेच पटण्यासारखे, आणि प्रश्न असतो: ‘सर्वांत आधी काय कराल?’ माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी अशा प्रश्नांवर हमखास अडायची. लेखी परीक्षेत ती दोनदा थोडक्या गुणांनी नापास झाली. तिच्यासोबत एका गृहभेटीला गेले होते. घरातली बाई सुजलेलं मनगट पदराखाली झाकून ‘सगळं ठीक आहे’ म्हणत होती. या मुलीने फॉर्म बाहेर काढलाच नाही. जमिनीवर बसून ती धाकट्या मुलाशी खेळत राहिली. वीस मिनिटांनी बाई आपणहून बोलू लागली. हे कौशल्य कोणत्या पर्यायात बसवणार?

दुसऱ्या वाटा आहेत. इंग्लंडमध्ये मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केला की नोंदणी होते, वेगळी परवाना परीक्षा नाही. तिथे सेवा घेणाऱ्यांचं संरक्षण कोलमडलं आहे असं कुणी म्हणत नाही, कारण नोंदणीनंतरही चौकशी आणि कारवाईचे अधिकार नियामकाकडे असतात. अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्याने २०२२ पासून एका पातळीच्या परवान्यासाठी परीक्षेची अट काढून टाकली.

देखरेखीखाली केलेलं काम, केस फाइल्स आणि अनुभवी सुपरवायझरचा लेखी अभिप्राय यांनाही परीक्षेइतकंच वजन मिळावं. सुपरवायझरही पक्षपात करू शकतो, म्हणून अभिप्राय किमान दोघांचा असावा. आणि जिथे परीक्षा राहील, तिथे भाषा, वय आणि समाजगटनिहाय निकाल दरवर्षी जाहीर करण्याचं बंधन परीक्षा घेणाऱ्या संस्थेवर घालावं.

– एक समाजकार्यकर्ती